तुकडी वाचवायची होती

"हे बारावी नाही पोरी. हे झाडं लावणं होय."

वाशिमच्या कॉलेजातला बाबू माझी गुणपत्रिका खिडकीतून परत ढकलत म्हणाला. मागं रांगेत कुणीतरी हसलं. माय माझ्या बाजूला उभी होती. तिनं त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

"पास तर झाली ना साहेब? वर्गात पहिली हाय."

"बीएस्सीले सायन्स लागते. व्होकेशनलवाले इकडं कायले येता तुमी?"

एवढं बोलून त्यानं मागच्या पोराला पुढं बोलावलं. आम्ही बाजूला झालो.

मला विज्ञानाची शिक्षिका व्हायचं होतं. दहावीला विज्ञानात शाळेत माझेच मार्क जास्त. सरांच्या मुलीहून जास्त. हे सर आमच्याच शाळेत वरच्या वर्गांना व्होकेशनल बागायत शिकवायचे. मंगरूळपीरच्या बाजारात माय त्यांच्यासाठी मेथीची चांगली जुडी बाजूला काढून ठेवायची. सरांचा शब्द आमच्या घरात शेवटचा.

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे मास्तर लोक वस्त्यांवर फिरतात, अकरावीला पोरं गोळा करत. पोरं मिळाली नाहीत तर तुकडी तुटते, तुकडी तुटली की मास्तरची खुर्ची हलते. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. सर आमच्या मळ्यात आले, बाजेवर बसले. मला वाटलं, माझं कौतुक करायला आले.

"ही बी बारावीच होय बाई. पोरीचा हात मातीत बसलेला हाय. नाव काढीन."

मी विचारलं, "सर, मंग बीएस्सीले चालते का?"

"चालते ना. सरवर भरोसा नाही का तुहा?"

होता. तोच तर घात झाला.

दोन वर्षं मी झाडांना आळी केली, रोपं लावली, खत टाकलं. लहानपणापासून जे बापाच्या मागं करत आले, तेच. आधी शाळेच्या मागं, मग प्रात्यक्षिक म्हणून सरांच्या नव्या घराच्या आवारात. खिडकीत त्यांची मुलगी फिजिक्स करत बसलेली असायची. एकदा मी चिखलाच्या हातानं तिच्या पुस्तकात डोकावले. सर म्हणाले, "ते तुह्या कामाचं नाही. आळं नीट कर." मी मान खाली घालून आळं नीट केलं. आज त्याचाच राग सगळ्यात जास्त येतो.

वाशिमहून परतल्यावर मी एसटीतून उतरले ती थेट सरांच्या घरी गेले. सरांनी नजर चुकवली नाही. तेवढीही लाज नव्हती.

"तुकडी वाचवायची होती. समजून घे. अन् तुमचा मळा हायच ना."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मळ्यात बाजेवर बसून चहा पितानाही माहीत होतं.

वर म्हणाले, "उद्या आसेगावात दहावी झालेल्या पोरींच्या पालकांची सभा हाय. येजो. तू पहिली आली, दोन शब्द सांग. पोरी तुहं ऐकतीन."

"येतो सर," मी म्हणाले.

गेले. देवळापुढं बाया पोरी घेऊन बसल्या होत्या. मी उभी राहून बोलले.

"या तुकडीतून बीएस्सी होत नाही. मले ‘होते’ म्हणून सरनं सांगतलं होतं. ज्याले मळाच करायचा हाय, त्यानं खुशाल जावं. जिले पुढं शिकायचं हाय, तिच्या मायबापानं सरले एवढंच विचारा, तुमची पोरगी या तुकडीत काहून नाही?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई पोरीचा हात धरून उठली. मग दुसरी.

सर माझ्या कानाशी म्हणाले, "मी शिकवलं तुले."

"शिकवलं सर. मले येत होतं तेच शिकवलं."

यंदा मी पुन्हा अकरावीत आहे. सायन्सला. वर्गातली पोरं मला ताई म्हणतात, काही खाली मान घालून हसतात. हसू देत. गेलेली दोन वर्षं कुणी परत देणार नाही आणि मी मागायलाही जाणार नाही. सरांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. दहावीच्या पुढच्या निकालानंतर त्यांची गाडी ज्या वस्तीवर जाईल, तिथं मी आधी जाऊन आलेली असेन.