फिरकीच्या तांब्यातलं पाणी

सासऱ्यांशी मी पहिल्यांदा बोलले ते लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. आमच्या मारवाडी जैन घरांत सुनेनं सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचा आणि काही हवंच असलं तर सासूच्या कानात सांगायचं, अशी रीत होती. मला ती रीत कधीच आवडली नाही. पण आवडत नाही हे सांगायचं तरी कुणाला, आणि कोणत्या तोंडानं?

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. नंदुरबारपासून तीन कोसांवरच्या खेड्यात आमचं किराण्याचं दुकान होतं. एका संध्याकाळी नवरा बातमी घेऊन आला की नंदुरबारच्या स्टेशनात प्रदर्शनाची गाडी लागली आहे. आख्खी आगगाडी, आणि डब्यांत माणसांऐवजी यंत्रं, हाडांचे सापळे, बाटल्यांतले किडे, शास्त्राच्या नाही नाही त्या वस्तू. तीन दिवस मुक्काम, आणि बघायला पैसे पडत नाहीत. हे शेवटचं ऐकून सासूबाईंनाही शास्त्राची गोडी लागली. घरात आम्ही चौघं, सासूसासरे आणि आम्ही नवराबायको. चौघांनीही जायचं ठरलं. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली होते. लग्न झाल्यापासून विहीर, चूल आणि देरासर, म्हणजे आमचं देऊळ, यापलीकडे काही पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला आकाश ठेंगणं झालं.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्यात पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. जाड फडकं दुहेरी करून घागरीवर धरायचं, सावकाश पाणी ओतायचं, आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव थोड्या पाण्यासकट परत त्याच विहिरीत नेऊन सोडायचे. हे काम सुनेचं. सासऱ्यांना या गोष्टीचा फार अभिमान होता. आमच्या घरच्या पाण्यात मुंगीच्या पिल्लाचीसुद्धा हत्या नाही, असं ते गिऱ्हाइकाला मिरची तोलताना सांगायचे.

त्या दिवशी सकाळी बैल जुंपलेली दमणी दारात उभी होती. गाडीवान ओरडत होता, "चाला व माय, ऊन चढी ऱ्हायनं!" फडकं दोरीवर ओलं होतं आणि ते आणायला परसात जायचं माझ्या जिवावर आलं. मी फिरकीचा तांब्या सरळ विहिरीच्या घागरीत बुडवला, झाकण पिळून घट्ट केलं आणि गाडीत जाऊन बसले. एक दिवस, म्हटलं. एका दिवसानं काय होतंय?

स्टेशनच्या बाजूच्या रुळावर गाडी उभी होती. पहिल्या डब्याला लाकडी जिना लावलेला, तिथून चढायचं आणि शेवटच्या डब्यातून उतरायचं. मध्ये उतरायची सोय नाही, आणि मागे वळायचं म्हटलं तर मागून सगळा तालुका लोटत होता. खिडक्या तक्त्यांनी झाकलेल्या. बाजारात मिरचीचे ढीग पडलेले होते, तिची धूळ लोकांच्या कपड्यांतून आत आली होती आणि डबाभर माणसं शिंकत होती. पुढे सासरे, त्यांच्यामागे नवरा, मग मी, मागे सासूबाई. पदरातून मला दिसत होते ते पाय, फार तर टेबलांचे पाय. कापसाचे प्रकार गेले, बोंडअळ्या गेल्या, वाफेचं छोटं इंजिन गेलं. लोक "वा वा" म्हणत होते आणि मी नवऱ्याच्या टाचा बघत होते. राग राग झाला माझा. एवढ्या लांबून टाचा बघायला आले होते का मी?

पाचव्या डब्यात आरोग्याचा विभाग होता. तिथं मी पदर जरा उचलून पाहिलं, तर कोट घातलेला एक तरुण माणूस पितळी सूक्ष्मदर्शक दुर्बिणीजवळ उभा होता. थेंबात काय काय असतं ते ही दुर्बीण दाखवते, असं तो सांगत होता. "कुणाकडे घरचं पाणी आहे का?" त्यानं विचारलं. "आत्ता इथंच पाहू."

"मन्हा घरनं ल्या," सासरे म्हणाले. आवाजात केवढा तोरा! "गाळेल शे. मन्ही बींदणी रोज दुहेरी फडकामा गाळस." बींदणी म्हणजे सून, म्हणजे मी. तीन वर्षांत माझं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि न बघता त्यांनी मागे हात केला, तांब्यासाठी.

तांब्या माझ्या हातात होता. बोलायची सोय नाही. नवऱ्याला हाक मारायची सोय नाही, वडीलधाऱ्यांसमोर त्याच्याशीही बोलायचं नसतं. मी सासूबाईंचा हात धरून ओढला, तर त्या म्हणाल्या, "गप उभी ऱ्हाय." तांब्या हातातून सोडून द्यावा असा विचार आला, पण माणसं इतकी दाटलेली की पडायलाही जागा नव्हती. मी तो पुढे दिला.

त्या माणसानं काचेच्या पट्टीवर थेंब ठेवला आणि आधी स्वतः डोळा लावून भिंग वरखाली केलं. मग सासरे वाकले. पगडी आड येत होती म्हणून त्यांनी ती काढून नवऱ्याच्या हातात दिली. चार लोकांत त्यांना बोडक्या डोक्यानं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पदर आणखी वर केला, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मागची माणसं कुरकुरायला लागली.

"हाली ऱ्हायनात," ते हळूच म्हणाले. "बठ्ठा हाली ऱ्हायनात." थेंबातलं सगळं हलत होतं.

"गाळलं तरी राहतातच, शेठजी," तो माणूस म्हणाला. "फडक्याची भोकं त्यांना वेशीएवढी."

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. माझी चोरी त्या माणसानं झाकून टाकली होती. मग मी सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. घरातलं कुणी गेल्यावर माणसाचं तोंड होतं तसं झालं होतं ते. उरलेले डबे आम्ही कसे पार केले, त्यात काय होतं, मला काही आठवत नाही. मागून लोटत होते म्हणून चालत होतो.

त्या दिवसापासून त्यांनी पाणी जवळजवळ सोडलं. दुसऱ्या दिवशी बाजारात काम आहे म्हणून एकटेच नंदुरबारला जाऊन आले, ते आणखीच गप्प होऊन. जेवल्यावर दोन घोट, संध्याकाळी दोन घोट, एवढंच. फाल्गुन संपत आला होता, घशाला कोरड पडत होती. साधू-महाराज पितात तसं उकळलेलं घ्या, असं सासूबाई म्हणाल्या. ते म्हणाले, "उकळीसन त्यासले मारी कोन? तूच ना?" त्यांचे ओठ फुटले, डोळे खोल गेले.

आणि मी रोज पाणी गाळत होते. आता तर चौपदरी फडक्यातून. मला वाटायचं, त्यांना एवढं कळलं की ते पाणी गाळलेलंच नव्हतं, तर सगळं मिटेल. गाळलेलं स्वच्छ असतं हा त्यांचा विश्वास परत येईल, माणूस वाचेल. पण मग माझं काय? शेवटी मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग माझा दंड धरला. "आते बोलशी तर तुले माहेर धाडतीन," त्या म्हणाल्या, "अन् माले इचारतीन, तू काय करी ऱ्हायंतीस? काही बोलू नको." मी तोंड मिटलं. घरातून बाहेर जायची वाट नव्हती आणि घरात बसवत नव्हतं. विहिरीवर गेले की त्या पाण्यात बघायचीसुद्धा भीती वाटायची.

पंधराएक दिवसांनी सासरे दुकानात मिरचीच्या पोत्यावर कोसळले. नवऱ्यानं त्यांना उचलून ओसरीवर आणून निजवलं आणि तो वैद्याकडे पळाला. सासूबाई आत देवापुढे बसल्या. मी पंख्यानं वारा घालत होते. त्यांनी डोळे उघडले, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"बाऊजी, ते पानी गाळेल नव्हतं," मी म्हणाले. "त्या दिन मी गाळं नव्हतं. मन्ही चूक व्हती. गाळेल पानीमा काही नसस. तुम्ही पानी प्या."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ते ओरडतील, उठून बसतील, मला आत जा म्हणतील, असं मला वाटलं होतं.

"माले तवय शक उना व्हता," ते म्हणाले. "तांब्या देवाले तू येळ लाया. म्हनीसन मी दुसरा दिन परत गयथू. मन्हा हाते गाळं, चार येळा. त्या मानूसले परत दाखाडाले लायं."

मी पंखा थांबवला.

"हालीच ऱ्हायंतात," ते म्हणाले. "गाडीमा बशीसन मी देवले एकच मांगं व्हतं. तुन्हीच चूक निघो, बींदणी. तुन्हीच चूक निघो."

मला रडू आलं, आणि पदराआड ते लपवायचं कारण उरलं नव्हतं. पंधरा दिवस मी माझी चूक झाकत होते, आणि या माणसानं ती खरी ठरावी म्हणून देवापुढे हात जोडले होते. माझ्याजवळ त्यांना द्यायला ती चूकसुद्धा उरली नव्हती.

थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केला. मी उठून माठातलं पाणी आणलं. त्यांनी पेल्यात पाहिलं नाही. डोळे घट्ट मिटले आणि तहानलेलं माणूस पितं तसं सगळं पाणी एका दमात प्यायले. पुढे दहा-बारा वर्षं जगले, दुकानही चालवलं, पण पाणी प्यायचे ते डोळे मिटूनच.