शिवण धरली

ब्रेकबाई हे नाव तिला शिकाऊ मंडळींनी ठेवलेलं. गाडी शिकवताना शेजारच्या सीटवरून ती असा कचकन ब्रेक मारायची, की शिकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुके. मधुमेह जुना होता, पण गोळी आठवली तर घ्यायची. शेवटी हृदयाने हिसका दाखवला आणि बायपास करावी लागली.

ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं. साखर मात्र आभाळाला भिडली. भेटायला आलेल्या नणंदेने थेट भावालाच धारेवर धरलं.

"दादा, चोरून बिस्किटं दिलीस ना वहिनीला?"

"अगं, तिला पाणीसुद्धा चमच्याने देतायत!" नवरा रडकुंडीला आला.

सलाईन बघणारी नर्स हसली. "त्यांचा काही दोष नाही. एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा ताण पडला की शरीर आपणहूनच साखर वाढवतं. ती उतरवली नाही तर जखम चिघळते, म्हणून हे इन्सुलिन."

"ऐकलंत ना, वन्सं?" ब्रेकबाई उशीवरून पुटपुटली. "त्यांना बोलायला मी आहे अजून."

घरी आल्यावर मात्र तिनेच घोळ घातला. आपण ठणठणीत आहोत असं ठरवून इन्सुलिन बंद करून टाकलं. आठवडाभरात छातीवरच्या जखमेचं खालचं टोक लाल झालं, पाणी येऊ लागलं. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध बदललं आणि सरळ सांगितलं, "साखर खाली आल्याशिवाय ही शिवण धरणार नाही. पुढचं तुमच्या हातात."

परतीच्या वाटेवर ती गप्प होती. नवरा धास्तावला, बायकोचं गप्प बसणं त्याला आजारापेक्षा भयंकर वाटे.

दुसऱ्या दिवशी सुई भरून तो ती नेमकी कुठे टोचायची हे शोधत बसला. "आणा इकडे," म्हणत तिने स्वतःच पोटाला टोचून घेतलं. "हात्तिच्या! एवढंच?"

मग तिने मागे वळून पाहिलं नाही. बोटाला टोचून साखर तपासायची, वेळेवर मोजकं जेवायची, नवऱ्याचा हात धरून व्हरांड्यात फेऱ्या मारायची, खोकताना किंवा मोठ्याने बोलताना टाके दुखू नयेत म्हणून छातीवर हात धरायची. बादली उचलायला गेली की तो डोळे वटारी आणि ती चक्क ऐके. साखर हळूहळू ताळ्यावर आली, जखम सुकली, खपलीही पडली.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी ती सीटबेल्टच्या पट्ट्याखाली जखमेवर मऊ रुमाल घेऊन गाडीत बसली. शिकणाऱ्या बाईंनी कोपऱ्यावर भलतीकडेच चाक वळवलं.

"अहो, रस्ता तिकडे आहे! त्या दुकानात काय खरेदी करायचीय?"

आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. घराच्या खिडकीत उभ्या नवऱ्याने तो ऐकला, तिला पाहिलंही. छातीवर हात न धरता ओरडली होती ती. तो निवांतपणे दाढी करायला वळला.