माकलीला वाट्या कोण लावून देतं?

लालबागच्या बाजारात कोळणीने माकली उचलली आणि तिच्या पाठीवर टिचकी मारली. कातडीवरचे बारीक ठिपके पसरले, आकसले, पुन्हा पसरले. लोक म्हणतात ते तांबूस असतात. मला नुसते गडद दिसतात.

“बघ भाऊ, मेली तरी रंग सोडत नाय. एकदम ताजी हाय.”

माझी लेक प्राणिशास्त्र शिकते. पिशवी धरून ती म्हणाली, “बाबा, गंमत म्हणजे हिला स्वतःला रंग दिसतच नाहीत. हिच्याच जातकुळीतल्या ऑक्टोपसलाही नाहीत. रंग ओळखायला आपल्या डोळ्यात तीन तऱ्हेच्या पेशी, यांच्यात एकच. तरी वाळूवर वाळूसारखी होते, दगडावर दगडासारखी.”

“जमतं कसं?”

“उजेड-सावली बघून नक्षी जुळवते. पण रंग कसा जुळतो, त्यावर अजून भांडणं चालू आहेत. कुणी म्हणतं डोळ्यातल्या बाहुलीच्या वाकड्या आकारामुळे, कुणी म्हणतं कातडीलाच उजेड कळतो.”

“वाट्या कोण लावून देतं तिला?” मी विचारलं. “कसल्या वाट्या?” लेक म्हणाली. माझे डोळे तिला ठाऊक आहेत, वाट्या ठाऊक नाहीत.

परळला काकांचा गणपतीचा कारखाना होता. विशीत मी तिथे रंगकाम करायचो. हिरवा आणि गुलाबी मला सारखेच दिसतात, हे फक्त चुलतभावाला माहीत होतं. तो रंग कालवून वाट्या फळीवर ठरलेल्या क्रमाने मांडायचा. डावीकडे अंगाचा रंग, मग शेल्याचा, मग कमळाच्या पानांचा. मी क्रम पाठ करून रंगवायचो. चार वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. शिवाय डोळ्यांची आखणी माझ्याकडे होती. तिथे काळा आणि पांढरा, दोनच रंग, आणि त्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. गिऱ्हाइकं विचारायची, “डोळे कुणी काढले?”

पाचव्या वर्षी, चतुर्थीला दोन दिवस असताना, मी एक मूर्ती सोंडेपासून पायापर्यंत रंगवली. न्यायला आलेलं गिऱ्हाईक हसलं. देव पोपटी झाला होता. काका सगळ्यांसमोर म्हणाले, “आंधळ्याच्या हातात देव दिला मी!” फळीवर पहिल्या आणि तिसऱ्या वाटीची अदलाबदल झालेली होती. मी भावाकडे पाहिलं. तो ब्रश धुवत होता, धुतलेलाच.

पुढची तीस वर्षं शिवडीच्या गोदामात पावत्यांवर शिक्के मारण्यात गेली. कारखाना त्याचा झाला. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

यंदा श्रावणात त्याचा फोन आला. “हात थरथरतो रे. बाकीचं पोरं करतात, पण घरच्या गणपतीचे डोळे तूच आख.”

जायचं नव्हतं. गेलो. बोटं शिवशिवत होती, खोटं कशाला बोलू?

त्याने फळीवर दोन वाट्या ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी. काळा. पांढरा. भल्या माणसाला एवढ्या वर्षांनी माझी काळजी वाटली होती. ज्या दोन रंगांत मला कधीच कुणाची गरज पडली नाही, नेमके त्यांनाच चिठ्ठ्या!

“त्या वर्षी का रे?” मी ब्रश भिजवत विचारलं.

त्याने एक चिठ्ठी सरळ केली. मग म्हणाला, “सगळे तुझेच डोळे विचारायचे. माझ्या रंगांचं कुणी नावसुद्धा काढायचं नाही.”

मी आखायला घेतलं. पापणी, बुबुळ, शेवटी पांढरा ठिपका. जीव ओतून केलं. इतकं चांगलं मी विशीतही केलं नव्हतं.

तो समोर येऊन उभा राहिला. डावीकडे सरकला, मग उजवीकडे.

“माझ्याकडेच बघतोय रे,” तो म्हणाला.

“पाच दिवस बघेल,” मी म्हणालो आणि ब्रश धुवायला घेतला.