शून्य किलोचं केसिंग

एका केसाएवढ्या फटीची खरी किंमत सांगतो.
साठे सरांची सव्वीस वर्षांची नोकरी.

आज पहाटे सर गेले.

आणि दहाच्या सुमारास, आमच्या जुन्या पंप कंपनीच्या ग्रुपवर, तेव्हाच्या डिझाइन हेडचा मेसेज: "सर आमच्या टीमचे पिलर होते."
पिलर! पाडला कोणी हो?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो.

कॉम्प्युटरवर थ्री-डी मॉडेल करायला मला सरांनी शिकवलं. आयटीआय करून आलेलो, माउस धरायचीसुद्धा पंचाईत. काहीतरी चकचकीत करून दाखवलं की सर विचारायचे,
"छान. वजन किती?"
"सर, स्क्रीनवरच्या वस्तूचं वजन?"
"मग काय माझं? बघ की."

मॉडेल खरंच भरीव असेल तर सॉफ्टवेअर त्याचं वजन सांगतं. कुठे केसाएवढी फट राहिली, की आत माल नाही, नुसती साल. दिसायला सेम. वजन शून्य.

एका पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, मॉडेल हेडने दुसऱ्या कंपनीकडून करून आणलं होतं. सरांनी वजन पाहिलं. शून्य किलो.

"साहेब, हे केसिंग नाही, केसिंगचा फोटो आहे. मी सही करणार नाही."
"अहो सर, दिसतंय ना सॉलिड? सोमवारी साचा सुरू करायचाय."

हेडने स्वतःच सही करून रिलीज केलं. साचेवाल्याने फट अंदाजाने बुजवली. भिंत नेमकी तिथे पातळ आली आणि टेस्टिंगला पंप गळायला लागले.

मीटिंगमध्ये हेड म्हणाला, "चेकिंग साठे सरांकडे होतं."
सर एवढंच म्हणाले, "मी नको म्हटलं होतं. कुणी ऐकलं असेल तर सांगा."

हेडने पुढचा विषय काढला.
महिनाअखेरीस सरांचा राजीनामा. पुढे कुठेही इंटरव्ह्यूला जावं, तर आधीच फोन पोचलेला: "ते गळक्या पंपांवाले."

आज खराडीत माझं ऑफिस आहे. अकरा जण मॉडेलिंग करतात. क्लायंट केवढाही मोठा असो, चूक असेल तर तोंडावर सांगतो. लोक मला त्यासाठीच ओळखतात.

हेडसाहेब, तो मेसेज काढा आणि खरं लिहा.
तुम्ही लिहिणार नाही, म्हणून मी लिहितोय: साठे सरांची चूक नव्हती.

सर, शेवटचा नमस्कार.

त्या मीटिंगमध्ये मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत होतो. तुमचं ते "सही करणार नाही" मी ऐकलेलं होतं.
मान खाली घालून वहीत चौकोन काढत बसलो.