आबांचा पहारा

घाबरणं जिथं जवळजवळ गुन्हा समजतात त्या कोल्हापुरात माझ्या बहिणीचे सासरे, आबा, आयुष्यभर उघडपणे घाबरत राहिले, आणि तेही स्वतःसाठी एकदाही नाही. पाण्याच्या टाक्या, नदीवरचे पूल, टेलिफोनच्या तारा, विजेचे मनोरे, म्हणजे ज्यांच्यावर गाव चालतं आणि ज्यांच्याकडे गाव ढुंकूनही बघत नाही, त्या सगळ्यांची भीती आबांनी एकट्याने अंगावर घेतली होती. एस.टी.त कंडक्टरकी करून ते निवृत्त झाले, पण अनोळखी माणसाकडे बिनतिकीट प्रवाशासारखं बघायची सवय काही गेली नाही. एकदा मनोऱ्याचा फोटो काढणाऱ्या कुणाला तरी त्यांनी "पावणं, कुठलं म्हणायचं?" असं विचारून दुपारभर झाडाखाली बसवून ठेवलं. तो लग्नाचं शूटिंग करणारा निघाला आणि तिकडं लग्न लागून गेलं.

सकाळी नळाला पाणी आलं की पहिला पेला आबा प्यायचे आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. टाकीत कुणी विष कालवलं असेल तर आधी आपल्याला कळावं, हा विचार. तोवर घरात चहाचं आधणसुद्धा चढत नसे. बहीण नवी सून होती तेव्हा कारण कळल्यावर रडली होती. पुढं ती खिडकीतून नुसतं विचारायची, बरं हाय न्हवं, आणि आबांनी मान हलवली की स्टोव्ह पेटवायची. फोनवर तर ते गावाचं नावच घेत नसत, कोण ऐकत असेल सांगता येत नाही म्हणून. धाकट्या मुलाचा साखरपुडा कोडोलीला होता. आबा फोनवर म्हणाले, "देवाजवळच्या गावाला या." त्यांच्या मनात कोडोलीजवळचा जोतिबा होता, आमची निम्मी माणसं नृसिंहवाडीला जाऊन दत्ताचं दर्शन घेऊन उपाशी परत आली. गल्लीतल्या मांडवासाठी कुणी तारेवर आकडा टाकला, की मात्र भीतीचा राग व्हायचा. "भाईरनं कुणी यायची गरजच न्हाय," ते म्हणायचे, "आपण हाय की."

आम्ही हसायचो. पण सरहद्दीवर लढाई सुरू झाली त्या उन्हाळ्यात आबांची झोप उडाली. गडमुडशिंगीच्या त्यांच्या रानात मोठ्या लाइनचा मनोरा उभा होता, आणि ऊस नुकताच तुटून गेल्यामुळे त्याच्या पायाशी गुडघाभर पाचट पडलं होतं. त्यात माणूस सहज लपेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. बातम्या बघून झाल्या की काठी घेऊन ते तिथं जाऊन बसत. त्याच दिवसांत बहीण दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी इतकी लहान की तिला काचेच्या पेटीत उबेला ठेवलेली. सगळे दवाखान्यात होतो. आबा मात्र रानात. घरात असं नाजूक चाललेलं असताना मनोऱ्याला धोका नको, म्हणून भर दुपारी त्यांनी ते पाचट पेटवून दिलं.

वारा फिरला. जाळ मनोऱ्याएवढा उठला आणि तारांमधून असा कडकडाट झाला की आबा तोंडावर पडले. बॉम्बच पडला असं वाटून ते तसेच पडून राहिले. लाइन बंद पडली होती, थोड्या वेळानं वीज मंडळाची माणसं जीप घेऊन आली. कुणी पेटवलं हे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा वर्गातल्या पोरासारखा आबांनी हात वर केला.

इकडं दवाखान्यात पंखे थांबले आणि पेटीवरचा दिवा विझला. जनरेटर घरघरला आणि बंद पडला. डॉक्टरीणबाईंनी मुलीला पेटीतून काढून बहिणीच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून शाल घातली आणि हलू नकोस म्हणाल्या. बहिणीचा श्वाससुद्धा हळू चालला होता. मी त्या शालीकडे बघत उभा होतो. शाल हलतेय की नुसतं आपल्याला तसं वाटतंय, तेच कळेना. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. आबा रोज अशा भीतीत जगत असतील, हे तेव्हाच डोक्यात आलं.

वीज परत आली. मुलगी पुन्हा पेटीत गेली, लालसर, किरकिरती. मग आबा आले. भुवया जळालेल्या, धोतरावर राख. दारातूनच म्हणाले, "पोरी, ते मी केलं. दुसरं कुणी न्हाय."

बहीण त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, आधी हात धुवा. मग बघा तिला."

त्यानंतर आबांनी शत्रूचं नाव काढलं नाही. आगकाडीही हातात धरेनात, विडीसुद्धा सुटली. मनोऱ्याखाली उसाऐवजी ते बुटका भुईमूग लावू लागले. नात शाळेत जाऊ लागली तेव्हा एका संध्याकाळी मी रानात गेलो, तर दोघं मनोऱ्याखाली मान वर करून उभी होती. वर तारा बारीक गुणगुणत होत्या. आबांना अलीकडं कमी ऐकू यायचं.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय की."

"काय म्हणतंय?"

तिनं नीट कान दिला. "चालू हाय म्हणतंय."

आबांनी तिचा हात धरला. "मग चल घरला," म्हणाले, आणि दोघं बांधावरून निघाली.