मालूमावशीचा कीबोर्ड

मालूमावशीचं थरथरतं बोट बरोबर अक्षरावर टेकलं आणि मला हायसं वाटलं. शेजारच्या या मावशीची वाचा अर्धांगवायूने गेली, त्याला सात महिने झाले. लिहून बोलावं, तर फोनवरची अक्षरं मुंगीएवढी. बोट भलतीकडेच पडायचं. मोठ्या अक्षरांच्या कीबोर्डचं ॲप टाकायला गेलो, तर त्या फोनवर दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड चालतच नव्हता. म्हणे, सुरक्षा! अरे, लिहिलेलं चोरणारे कीबोर्ड असतात हे मान्य, मग तपासून घ्या ना. बोट मावशीचं, बोलणं मावशीचं, आणि अक्षर केवढं हवं ते फोनची कंपनी ठरवणार? ग्राहकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या आमच्या गटातर्फे मी पत्रकं वाटली, सह्या गोळा केल्या.

परवा कंपनीने ती बंदी उठवली. आमच्यामुळे की कसं, कोण जाणे. आज मावशीच्या फोनवर बोराएवढ्या अक्षरांचा कीबोर्ड बसवला. पत्रकांत आम्ही ‘स्वातंत्र्य’ नेहमी ठळक छापतो. ते बोटाच्या पेराएवढंही असतं, हे मला आज दिसलं.

“लिही गं, काय हवंय तुला?” मावशीच्या यजमानांनी, काकांनी विचारलं.

बऱ्याच वेळाने वाक्य उमटलं: ‘ती भजनं बंद करा.’

सात महिने काका तिच्यासाठी दिवसभर टीव्हीवर भजनं लावत होते.

“अगं, तुला आवडतात ना?”

‘तुम्हाला आवडतात.’

काका डोळे पुसत हसले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. मावशी पुढचं वाक्य जुळवायला लागली. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो.