दोन लाल रेघा

प्रसूतिगृहाच्या जिन्याखालच्या लांबट खोलीत चोवीस वर्षं केसपेपर सांभाळणाऱ्या बाईला सगळे दप्तरबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकात असेल, हाक मारायला कुणी वापरलं नाही. बाई कामाला वाघ, पण जात्याच भित्री. साहेबांनी नुसतं ‘जरा या’ म्हटलं तरी आपलं काय चुकलं ते ती आठवू लागायची. घरी नवरा कंबर धरून अंथरुणाला खिळलेला, लेक अजून शिकतेय, म्हणजे घर चालायचं ते हिच्याच जिवावर. “तू एवढी घाबरतेस कशाला गं?” नवरा विचारायचा. घाबरणाऱ्या माणसाला असं विचारून काय मिळतं, तुम्हीच सांगा.

तर साहेबांना ती खोली हवी होती, नव्या एक्स-रे मशीनसाठी. हुकूम निघाला: जुने केसपेपर सगळे कॉम्प्युटरवर टाइप करा, टाइप झालेले गठ्ठे कागद कापायच्या कारखान्यात पाठवा. “जमेल ना?” साहेबांनी विचारलं. “नसेल जमत तर आत्ताच सांगा, दुसरी बाई बघू.”

बाई म्हणाली, जमेल. दुसरं काय म्हणणार होती?

सहा दिवसांचं शिक्षण ठेवलं. पहिल्या दिवशी बाईनं पडद्याचं बटण बंद केलं, सगळं काळं झालं, आणि ती कपाळाला हात लावून बसली. शिकवायला आलेली मुलगी हसली. म्हणाली, “मावशी, हा नुसता पडदा. कॉम्प्युटर खाली आहे, त्या डब्यात.” त्या दिवसापासून बाई टेबलाखाली पाय पसरेना, डब्याला धक्का लागला तर? माऊस ती दोन्ही हातांनी धरायची. मुलगी सांगेल ते वहीत उतरवून घ्यायची, कुठलं बटण, कितव्यांदा, डावं की उजवं. आणि वहीत नाही त्याला बोट लावायचं नाही, ही शपथच.

पाचव्या दिवशी नवऱ्याची कंबर फार दुखली, बाई रजेवर राहिली. त्या दिवशी काय शिकवलं ते सहाव्या दिवशी विचारायला हवं होतं. तिनं वही मिटून घेतली. एवढ्या लोकांत ‘मला येत नाही’ कोण म्हणणार? साहेबही तिथेच उभे होते.

मग तिनं आपली जुनी रीत लावली. टाइपरायटरवर खाली कार्बन घालून टाइप करायचं, कागद काढला की प्रत आपोआप मागे राहायची. सेव्हचं बटण म्हणजे तो कार्बन, अशी तिची खात्री. वहीत लिहिल्याप्रमाणे कालची फाईल उघडायची, जुनं नाव खोडायचं, नवं नाव, वजन, रक्तगट, बाळंतपणात काय घडलं ते घालायचं, सेव्ह. पुन्हा खोडायचं, पुन्हा सेव्ह. हात असा बसला की दिवसाला तीस-पस्तीस केसपेपर होऊ लागले. ज्या केसपेपरवर डॉक्टरांनी दोन लाल रेघा मारलेल्या असत, म्हणजे अमुक औषध या बाईला चालत नाही, तो ती दोनदा वाचून टाइप करायची. साहेब एकदा डोकावून “वा” म्हणाले. त्या ‘वा’वर बाईनं आठवडा काढला.

आठ गठ्ठे मागच्या आठवड्यात सोमवारी ट्रकनं गेले. आज गुरुवार, आणखी सहा जायचे होते. सकाळी अकराला वरून सिस्टर धावत आली.

“दप्तरबाई, टेबलावर एक बाई घेतलीय. गेल्या वेळी तिला कुठल्यातरी इंजेक्शननं त्रास झाला होता, पण कुठल्या ते तिला माहीत नाही, नवऱ्यालाही नाही. हे घ्या तिचं नाव, जुना केसपेपर काढा लवकर. बाळाचे ठोके कमी होतायत, डॉक्टर फार थांबणार नाहीत.”

बाईनं फाईल उघडली. काल संध्याकाळी शेवटी टाइप केलेली बाई आली. मागची कुठे आहे? तिनं पानं खाली सरकवली. एकच पान. मग, पहिल्यांदाच, वहीत नसलेल्या जागी बोट लावलं आणि सगळ्या फायली दाखवणारी खिडकी उघडली. आत एकच फाईल होती.

पहिला विचार आला तो आपल्या नोकरीचा. लाज वाटेल असा विचार, पण आला खरा. ‘सापडत नाही’ एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. मशीन बिघडलंय म्हटलं असतं तर कुणी विचारलंही नसतं.

“मिळाला का?” सिस्टर.

मागच्या फाटकाशी ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. बाई उठली ती धावतच सुटली. या बाईनं चोवीस वर्षांत कधी धाव घेतली नव्हती. साहेब फाटकाशी पावतीवर सही करत होते.

“थांबवा,” ती म्हणाली. “गठ्ठे उतरवा.”

“का? कॉम्प्युटरवर आहेत ना सगळे?”

“नाहीत. एकच आहे. मी एकावर एक लिहीत गेले. मला येत नव्हतं, साहेब, मी विचारलं नाही.”

ती थांबली नाही. ट्रकमध्ये चढून तिनं बारावा गठ्ठा ओढला, दोरी दातानं तोडली. कुणाचा नंबर कुठला ते तिला पाठ होतं, त्यात ती कधी चुकत नसे. केसपेपर मधोमध सापडला. खाली दोन लाल रेघा.

तो घेऊन ती वर धावली. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी सिस्टरनं तो वाचला आणि मागे वळून बघितलं. आत ट्रेमध्ये सुई भरून ठेवलेली होती. त्याच औषधाची. सिस्टरनं ती उचलून बेसिनमध्ये रिकामी केली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

बाई खाली आली. साहेब खोलीत उभे होते, ओरडत नव्हते, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

“सोमवारचे आठ?” त्यांनी विचारलं.

“कापले गेले असतील.”

“त्या बायका परत येतील, दुसऱ्या खेपेला.”

“येतील.”

तिनं कोरा कागद घेतला. त्या आठ गठ्ठ्यांत दोनशे ऐंशी बायका होत्या. त्यांतल्या कुणाच्या केसपेपरवर दोन लाल रेघा होत्या ते आता जगात फक्त तिच्या डोक्यात उरलं होतं. तिनं डोळे मिटले. एक नाव आठवलं, औषधासकट. दुसरं. बऱ्याच वेळानं तिसरं आणि चौथं. चारही तिनं हातानं लिहिली.

पाचवी एक होती. होती, हे पक्कं आठवत होतं.